दोन लाइनी असूनही नेट गेलं: ३० जानेवारी २००८ ची एक केस

आधीच सांगतो, नावं बदललेली नाहीत कारण नावं दिलेलीच नाहीत. ऑफिस पुण्यातलं, माणसं साठेक, काम मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचं. मी तिथे नेटवर्क बघायचो, म्हणजे खरं तर नेटवर्क, यूपीएस, थंब मशीन आणि प्रिंटरमधे अडकलेला कागद, सगळंच. इंटरनेट कधी पूर्ण बंद पडू शकतं का असा विषय निघाला की लोक थेट सौर वादळ नाहीतर अणुबॉम्बवर जातात. मला मात्र ते बारा दिवस आठवतात, कारण तेव्हा इंटरनेट बंद पडलंच नव्हतं. जगात चालू होतं, भारतातही चालू होतं, फक्त आमच्या कामापुरतं नव्हतं.

पार्श्वभूमी

काम असं असायचं. अमेरिकेतला डॉक्टर पेशंट तपासून झाला की फोनवर डिक्टेशन देतो, त्याची ऑडिओ फाइल क्लायंटच्या सर्व्हरवर पडते, आपण ती खाली ओढायची, एमटी, म्हणजे मेडिकल ट्रान्सक्रिप्शनिस्ट, हेडफोन लावून पायाखालचं पेडल दाबत दाबत ऐकणार आणि टाइप करणार, क्यूए, म्हणजे चुका बघणारी टीम, तपासणार, रिपोर्ट परत वर. नॉर्मल फाइलला चोवीस तास, पण 'स्टॅट' लिहिलेली आली तर दोन-चार तासांत द्यायची, कारण तिकडे पेशंट ऑपरेशनच्या रांगेत असू शकतो. तिकडे सकाळचे आठ वाजले की आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, त्यामुळे आमचा खरा दिवस संध्याकाळी सुरू व्हायचा.

नेटच्या दोन लीज्ड लाइनी, म्हणजे फक्त आमच्यासाठी भाड्याने घेतलेल्या लाइनी, होत्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. ह्याचा आम्हाला फार अभिमान होता, क्लायंटला पाठवायच्या प्रेझेंटेशनमधे 'रिडंडंट कनेक्टिव्हिटी' अशी एक आख्खी स्लाइड होती, तिच्यावर दोन बाण.

आता ह्या दोन लाइनींची एक मागची गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. २००६ पर्यंत आमची एक लाइन पश्चिमेकडून अमेरिकेला जायची, म्हणजे मुंबई, लाल समुद्र, इजिप्त, युरोप असं करत, आणि दुसरी पूर्वेकडून, चेन्नई, सिंगापूर, मग पॅसिफिक. २६ डिसेंबर २००६ ला तैवानच्या दक्षिणेला मोठा भूकंप झाला, तिथल्या समुद्रातल्या बऱ्याच केबली एका फटक्यात तुटल्या आणि त्या जोडायला कित्येक आठवडे गेले. आमची पूर्वेची लाइन तेव्हा रडतखडत चालत होती. मग मीटिंग झाली, पूर्वेला भूकंप होतात, पश्चिम बरी, शिवाय दुसरी कंपनी स्वस्तात देतेय, आणि आम्ही ती लाइनसुद्धा पश्चिमेला फिरवली. मीटिंगमधे मीही होतो आणि मीही मान डोलावली होती.

नवीन लाइन वेगळ्या कंपनीची, वेगळ्या केबलवरची. एक सी-मी-वी-४ वर, दुसरी फ्लॅगवर, ही दोन्ही समुद्राखालच्या केबलींची नावं. कागदावर दोन्ही गोष्टी वेगळ्या. नकाशा उघडून बघायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही, नाहीतर दिसलं असतं की दोन्ही केबली इजिप्तमधे अलेक्झांड्रियाच्या किनाऱ्याला येऊन चिकटतात.

काय झालं

बुधवार होता. सकाळी डे शिफ्टची सातआठ मुलं रात्रीचे उरलेले रिपोर्ट वर टाकत होती आणि एकीने हाक मारली, "सर, अपलोड अडकलंय." राउटर बघितला, हिरवे दिवे. कंपनीच्या गेटवेला, म्हणजे मुंबईतल्या त्यांच्या दाराला, पिंग केला, म्हणजे हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघितलं, ४ मिलिसेकंद, एकदम मस्त. अमेरिकेला पिंग केला तर दहातले चार परत येतायत. ट्रेसरूट टाकला, त्यात वाटेतला एकेक टप्पा दिसतो, तर मुंबईपर्यंतच्या ओळी छान आणि त्यापुढे नुसत्या चांदण्या, म्हणजे उत्तरच नाही.

इथे एक गंमत आहे जी मला त्या दिवशी कळली. आमचा ऑटोमॅटिक फेलओव्हर, म्हणजे आपोआप दुसऱ्या लाइनीवर जाणं, लाइन तुटली तरच चालायचा. पुणे ते मुंबई लाइन ठणठणीत होती, त्यामुळे राउटरच्या मते सगळं आलबेल होतं, तो कशाला दुसऱ्या लाइनीवर जाईल? मी हाताने ट्रॅफिक दुसरीकडे वळवला आणि लगेच सगळं धावायला लागलं. मोठ्या सरांना फोन करून सांगितलं की सर एक लाइन गेली होती पण बॅकअपवर घेतलंय, ते म्हणाले शाबास, ह्यासाठीच तर दोन ठेवल्यात. मी चहा प्यायला खाली गेलो.

दुपारी दीडच्या सुमाराला दुसरीवरही तेच. तशाच चांदण्या.

पहिले काही तास आम्ही घरातच चोर शोधत बसलो. मोडेम बंद-चालू, केबल बदल, राउटर रिस्टार्ट, आणि पुण्यात राहणाऱ्या कोणालाही पहिला जो संशय येतो तो, की कुठेतरी खोदलं असणार. दोन्ही कंपन्यांना फोन. एक म्हणाली इंटरनॅशनल बॅकबोनमधे इश्यू आहे, ईटीआर, म्हणजे दुरुस्तीची अंदाजे वेळ, संध्याकाळी सहा. दुसरी म्हणाली टिकेट लॉग केलंय सर. संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली तेव्हा कळलं की अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात दोन केबली तुटल्यात, आमच्या दोन्ही, काही तासांच्या अंतराने. टीव्हीवरून आपल्या नेटवर्कचा फॉल्ट कळणं ह्यासारखी लाज नाही.

भारताची निम्म्याहून जास्त बँडविड्थ गेली असं इंटरनेट कंपन्यांच्या संघटनेने तेव्हा सांगितलं होतं, इजिप्तचं तर त्याहून वाईट. आधी सगळे म्हणाले जहाजाच्या नांगराने तुटल्या, मग इजिप्त सरकारने सांगितलं की आम्ही व्हिडिओ तपासला, आधीच्या आणि नंतरच्या बारा तासांत तिथून जहाजच गेलेलं नाही. १ फेब्रुवारीला दुबईजवळ फाल्कन नावाची तिसरी केबल तुटली, तिथे मात्र नंतर पाच-सहा टनांचा टाकून दिलेला नांगर खरंच सापडला. तोपर्यंत कोण पाणबुडी म्हणत होतं, कोण सीआयए. आमच्या कॅन्टीनमधे तर तिसऱ्या महायुद्धापर्यंत मजल गेली होती.

नेमकी अडचण

लोकांना वाटतं केबल तुटली म्हणजे नेट बंद. तसं होत नाही. राउटर एकमेकांना सांगतात की हा रस्ता गेला आणि मिनिटांत ट्रॅफिक उरलेल्या रस्त्यांवर जातो, इंटरनेटची ताकद म्हणतात ती हीच. पण एक्सप्रेसवे बंद केला आणि सगळ्या गाड्या जुन्या घाटात घातल्या तर पुण्याचा संपर्क तुटला असं कोणी म्हणणार नाही, फक्त तुम्ही खंडाळ्यात पाच तास बसाल. पॅकेटांचं, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या छोट्या तुकड्यांचं, तेच झालं. भारताचा पश्चिमेकडचा सगळा ट्रॅफिक पूर्वेकडच्या केबलींवर आणि एका जुन्या सी-मी-वी-३ वर लोटला गेला, ज्यात मुळात एवढी जागाच नव्हती.

गर्दीत पॅकेट गळायला लागले की मोठ्या फाइलचं डाउनलोड आधी मंदावतं मग मरतं, छोटी ईमेल मात्र कशीबशी जाते. आमच्या नशिबाने रिपोर्ट म्हणजे बारकी वर्ड फाइल, ती तीनदा प्रयत्न केला की जायची. ऑडिओ मात्र जड. म्हणजे आम्ही उत्तर देऊ शकत होतो पण प्रश्नच येत नव्हता.

अजून एक बघायला मिळालं. भारतात ठेवलेल्या साइट पटापट उघडत होत्या, कारण मुंबईत निक्सीचा एक्सचेंज आहे, तिथे इंटरनेट कंपन्या भारतातल्या भारतात ट्रॅफिकची देवाणघेवाण करतात. पण आमच्याच दोन मजल्यांमधला चॅट अमेरिकेतल्या सर्व्हरवरून जायचा, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या क्यूए मॅडमना "फाइल मिळाली का" हे विचारायचा मेसेज अलेक्झांड्रियात बुडत होता. शेवटी ऑफिस बॉय चिठ्ठ्या घेऊन जिन्यात वरखाली करायला लागला. त्याला त्या आठवड्यात सगळ्यात जास्त भाव होता.

समोर काय काय पर्याय होते

पहिला, वाट बघायची. मोठ्या सरांचा कल इकडेच होता, कारण कंपनी म्हणतेय सहा वाजता होईल. पण समुद्रातली केबल म्हणजे काही सोसायटीची वायर नाही. जहाज निघणार, जागी पोचणार, आकडा टाकून केबल वर ओढणार, डेकवर आतले काचेचे तंतू जोडणार, परत सोडणार, त्यात हवामान खराब. हे मला तेव्हा माहीत नव्हतं पण तैवानला आठवडे लागले होते हे माहीत होतं, तेवढं पुरेसं होतं. मी सरांना म्हणालो दहा दिवस धरा. त्यांना ते पटलं नाही.

दुसरा, व्हीसॅट, म्हणजे छतावर डिश लावून सॅटेलाइटवरून नेट. पैसे, परवानगी आणि आठवडे. पाच मिनिटांत बाद.

तिसरा, पाच-सहा एमटी चेन्नईला ओळखीच्या एका ऑफिसात पाठवायच्या, पूर्वेच्या केबली तिथेच उतरतात म्हणून. ऐकायला बरं होतं. पण चेन्नईतूनही सगळा देश बाहेर पडत होता, आणि दोन मुलींच्या घरून नको म्हणाले, विषय संपला.

चौथा माझा होता आणि मला तो फार हुशार वाटत होता. सिंगापूरमधे महिन्याच्या भाड्याने एक सर्व्हर घ्यायचा. अमेरिका ते सिंगापूर पॅसिफिकमधून जातं, तिथे काही तुटलेलं नाही. फाइली आधी सिंगापूरला ओढायच्या, तिथेच ऑडिओ दाबून लहान करायचा, मग सिंगापूर ते पुणे एवढाच खराब तुकडा पार करायचा. ह्यात अजून एक फायदा होता. आपण बाहेर जाणाऱ्या पॅकेटचा रस्ता थोडाफार ठरवू शकतो, पण परत येणाऱ्याचा रस्ता समोरचा ठरवतो, आणि अमेरिकेतून येणारं बरंच काही अजूनही युरोपकडून यायला बघत होतं. मधे सिंगापूर ठेवलं की दोन्हीकडचा रस्ता पूर्वेचाच होतो.

पाचवा, क्लायंटला सरळ सांगायचं की आमचं हे झालंय, थोडं काम दुसऱ्याला द्या. हा पर्याय बोर्डवर लिहिलेलासुद्धा नव्हता.

निर्णय कसा झाला

पहिल्या रात्री आम्ही क्लायंटला काहीच कळवलं नाही. स्टॅट फाइली तेवढ्या हाताने एकेक करून ओढल्या, ब्राउझर सोडून अर्धवट डाउनलोड पुढून सुरू करणारं टूल लावलं, आणि एका सतरा मिनिटांच्या डिक्टेशनसाठी अख्खी टीम माझ्या मागे उभी राहून टक्के मोजत होती, ९१, ९२, तुटलं, परत ९२. पहाटे तीननंतर देशातली गर्दी कमी झाली की वेग बरा व्हायचा हे त्याच रात्री लक्षात आलं.

गुरुवारी दुपारी मी सिंगापूरचा सर्व्हर मांडला, सर म्हणाले घेऊन टाक, मी कार्ड काढलं, आणि क्यूए मॅडम म्हणाल्या, "थांब. ह्या फाइलींमधे पेशंटचं नाव आहे, जन्मतारीख आहे, आजार आहे. हे तू तिसऱ्या देशात स्वतःच्या कार्डावर भाड्याने घेतलेल्या मशीनवर ठेवणार? क्लायंटला विचारलंस?"

अमेरिकेत हिपा नावाचा १९९६ चा कायदा आहे, पेशंटच्या माहितीबद्दल कडक, आणि आमच्या करारात तो पानोपानी होता. मी तांत्रिक नशेत होतो, मला फक्त पॅकेट दिसत होते. मॅडम अडल्या म्हणून क्लायंटला विचारणं आलं, आणि विचारायचं तर आधी सगळं सांगणं आलं. म्हणजे बोर्डवर नसलेला पाचवा पर्याय चौथ्याच्या पाठीवर बसून आला.

सरांनी गुरुवारी रात्री आठला फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, आम्ही कालपासून बातम्या बघतोय आणि तुमच्या फोनची वाट बघतोय. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

काय केलं

क्लायंटने दोन अटींवर परवानगी दिली, सर्व्हर कंपनीच्या नावावर घ्यायचा आणि फाइल तिथे एन्क्रिप्ट करूनच ठेवायची, काम झालं की पुसायची. कागदपत्रांत शुक्रवार गेला. शनिवारी सिंगापूर चालू झालं. ऑडिओचा दर्जा किती खाली आणायचा ह्यावर एमटींशी भांडण झालं, कारण जास्त दाबला की एका डॉक्टरचं 'हायपो' (कमी) आणि 'हायपर' (जास्त) सारखंच ऐकू यायला लागलं, आणि ह्या दोन शब्दांत गल्लत झाली तर काय होईल ते सांगायला नको. मग मधला एक दर एमटींनीच ऐकून ठरवला, माझा आकडा बाजूला ठेवला.

शिफ्टही फिरवली. मोठं ओढायचं काम पहाटे तीन ते सात, टायपिंग दिवसा, वर पाठवायचं संध्याकाळी. एका क्लायंटचं जादाचं काम तिकडच्यांनी फिलिपिन्समधल्या एका ऑफिसकडे वळवलं, त्यांचा रस्ता पॅसिफिकचा, त्यांना काही झळ नव्हती.

पुढे काय झालं

८ ते १० फेब्रुवारीच्या दरम्यान केबली जोडल्या गेल्या आणि आमच्या चांदण्यांच्या जागी परत नावं दिसायला लागली. उशिराचा दंड कापला गेला. फिलिपिन्सला गेलेलं काम काही परत आलं नाही. मोठा क्लायंट टिकला.

मग आम्ही दोन्ही कंपन्यांना लेखी तीन प्रश्न पाठवले. आमचा ट्रॅफिक नेमका कोणत्या केबलवर, ती भारतात कुठे उतरते, आणि ती तुटली तर तुम्ही आम्हाला कुठून नेणार व तिथे जागा किती राखून ठेवलीय. उत्तराला तीन आठवडे लागले आणि एका सेल्सवाल्याने तर "सर हे आजपर्यंत कोणी विचारलं नाही" असं कौतुकाने सांगितलं. उत्तरं आल्यावर एक लाइन पुन्हा पूर्वेला, चेन्नई-सिंगापूरमार्गे घेतली. आणि राउटरला शिकवलं की मुंबईच्या गेटवेवर विश्वास ठेवू नको, दर मिनिटाला अमेरिकेतल्या दोन-तीन पत्त्यांना हाक मारून बघ, पॅकेट गळायला लागले की लाइन बदल.

१९ डिसेंबर २००८ ला भूमध्य समुद्रात, सिसिली आणि इजिप्तच्या मधे, पुन्हा तीन केबली तुटल्या, त्यात आमच्या जुन्या दोन्ही होत्या. राउटर स्वतःहून पूर्वेला गेला. सगळं हळू झालं, पण त्या रात्री एकही स्टॅट फाइल उशिरा गेली नाही आणि सरांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं म्हणजे तैवानच्या भूकंपानंतरच्या त्या मीटिंगमधे. आम्ही शेवटच्या अपघातापासून पळालो. पूर्वेला भूकंप झाला म्हणून दोघी पश्चिमेला, हे म्हणजे एका खिशातून पाकीट गेलं म्हणून सगळे पैसे दुसऱ्या खिशात. वाईट पूर्व आणि चांगली पश्चिम अशी जोडीसुद्धा दोन चांगल्या पश्चिमांपेक्षा बरी असते.

दुसरं, क्लायंटला बुधवारी संध्याकाळीच फोन जायला हवा होता. बातमी तर जगाला माहीत होती, लपवलं कोणापासून? सिंगापूर एक दिवस आधी उभं राहिलं असतं.

तिसरं माझं स्वतःचं. मी चार तास मोडेमशी खेळलो. ट्रेसरूट मुंबईनंतर मरतोय हे पहिल्या दहा मिनिटांत समोर होतं, पण हिरवा दिवा बघून माणूस स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही.

चेन्नईला माणसं न पाठवणं बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं, मॅडमचं मत वेगळं आहे.

मग सगळंच बंद होऊ शकतं का

मला विचाराल तर जगाचं नेट एका घावात बंद पाडणं फार अवघड. केबली शेकडो आहेत, जगात वर्षाला दीडशे-दोनशे फॉल्ट होतात, बहुतेक नांगर आणि मासेमारीच्या जाळ्यांमुळे, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. धोका असतो तो गल्ली अरुंद होते तिथे. लाल समुद्र आणि इजिप्त ही तशी गल्ली. २०१३ मधे अलेक्झांड्रियाजवळच सी-मी-वी-४ कापल्याच्या संशयावरून इजिप्तच्या नौदलाने तीन पाणबुडे पकडले. २०२४ मधे लाल समुद्रात हल्ला झालेल्या एका जहाजाच्या ओढल्या गेलेल्या नांगराने केबली गेल्याचं सांगितलं गेलं. सप्टेंबर २०२५ मधे जेद्दाहजवळ केबली तुटल्या आणि भारत-पाकिस्तानपर्यंत नेट मंदावलं, त्यातही हीच म्हातारी सी-मी-वी-४ होती.

पण आणखी एक प्रकार आहे ज्यात समुद्रात काहीच तुटत नाही. २०११ च्या जानेवारीत त्याच इजिप्तमधे सरकारने चारपाच कंपन्यांना सांगितलं आणि मध्यरात्रीनंतर काही मिनिटांत साडेतीन हजाराच्या आसपास रस्ते राउटरांच्या यादीतून गायब झाले. अलेक्झांड्रियाच्या केबली ठणठणीत होत्या, युरोप-आशियाचा ट्रॅफिक त्यांच्या पोटातून मजेत चालू होता, फक्त इजिप्तची माणसं पाच दिवस त्यात नव्हती. आपल्याकडे ७ जून २०२३ ला कोल्हापुरात नेट बंद केलं तेव्हा तिथल्या दुकानदाराच्या यूपीआयला लाल समुद्राशी काही देणंघेणं नव्हतं. ह्यावर पूर्वेची लाइन हा उपाय नाही, आणि माझ्याकडे दुसराही नाही.

जाता जाता

२००९ च्या पावसाळ्याआधी ऑफिसच्या गेटसमोर ड्रेनेजचं काम निघालं. एका सकाळी दोन्ही लाइनी एकदम गेल्या, ह्या वेळी हिरवे दिवेसुद्धा गेले. पूर्व आणि पश्चिम, चेन्नई आणि मुंबई, सगळं एकाच नळीतून गेटखालून आत येत होतं. खाली गेलो तर जेसीबीवाला दातात अडकलेला केशरी पाइप सोडवत होता. मला बघून म्हणाला, "साहेब, ही तुमची का? एकच होती ना?"